सात झाडांचा खजूर

मी एकतीस वर्षं वीज मंडळात काढली. मीटरमध्ये गडबड करणाऱ्यांची कनेक्शनं तोडायच्या कागदांवर सह्या केल्या. नगरसेवकाचा भाचा टेबलावर हात आपटत होता, तेव्हा त्याच्यासमोर निवांत चहा संपवला. त्यामुळे शोभनाला नाही म्हणता येत नाही, असं कुणी म्हणू नये. येतं. फक्त समोर खायची वस्तू आली की माझं सगळं अवसान गळतं. टाकवत नाही, परतवत नाही आणि खाऊनही संपत नाही. या स्वभावापायी यंदाच्या जुलैत मी काय करून बसले, ते सांगते.

एप्रिलात लेकीच्या बाळंतपणासाठी ठाण्याहून अबुधाबीला आले. शुभ्रा आणि जावई सिद्धांत खलिफा सिटीत राहतात, एका भल्यामोठ्या व्हिलाच्या मागच्या भागात. पुढच्या भागात मालकीणबाई, उम्म हमद. हमद नावाच्या मुलाची आई म्हणून उम्म हमद. त्यांचं स्वतःचं नाव मला अजून माहीत नाही. सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार, आणि हिंदी आपल्यापेक्षा फर्डी. दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात खजुराची सात झाडं. मी आले तेव्हा त्यांना खाण्याजोगं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, शोभेची असतील.

देवांश झाला, सगळं व्यवस्थित झालं. दीड महिन्याचा असताना एकदा शुभ्राला ताप आला म्हणून त्याला डब्यातल्या पावडरचं दूध दिलं, तर पोराच्या अंगभर चट्टे उठले, उलट्या थांबेनात. डॉक्टर म्हणाले, गाईच्या दुधातलं काहीतरी याला सोसत नाही. आईचंच दूध द्या, आणि आईनेही दूध-तूप बंद करावं. चालेल अशी एक वेगळी पावडर मिळते, दीडशे दिरहमला डबा, म्हणजे साडेतीन हजार रुपये झाले. तीही आणली. देवांश ती थुंकायचा आणि तोंड असं मिटून घ्यायचा की चमचासुद्धा आत जायचा नाही.

आणि शुभ्राची रजा जुलैतल्या तिसऱ्या सोमवारी संपत होती. बिनपगारी वाढवून झाली होती, आणखी मिळणार नव्हती. म्हणून बाई दिवसातून दोन वेळा ते पंपाचं यंत्र लावून बसायची. अर्धा तास घरघर, आणि निघायचं किती, तर कधी साठ मिली, कधी पस्तीस. तेवढं छोट्या पिशवीत भरायचं, वर मार्करने तारीख आणि माप लिहायचं आणि पिशवी फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात आडवी ठेवायची. ऑफिसातही ती पंप करणार होती, पण सुरुवातीचे पंधरा दिवस हा साठाच पोराला तारणार होता. दुपारी भुकेने रडलं तर दुसरं द्यायला घरात काही नव्हतं.

"आई, वरचा कप्पा माझा," तिने बजावलं होतं. "खालचे दोन तू वापर. पण त्याला हात नाही लावायचा, प्लीज."

"मी कशाला लावू हात," मी म्हटलं. खरं सांगायचं तर ते प्रकरण मला मनातून पटत नव्हतं. आईच्या दुधाचा बर्फ करून ठेवायचा म्हणजे काहीतरीच. हे मी एकदाच बोलून दाखवलं. त्यावर लेकीने जे तोंड केलं ते बघून गप्प बसले.

जून संपता संपता एका सकाळी उम्म हमद काठी टेकत आमच्या दारात. मागे त्यांचा म्हातारा माळी, त्याच्या डोक्यावर निळा प्लास्टिकचा टब. टबात ओला खजूर, अर्धा पिवळा, अर्धा मऊ तपकिरी, इथे त्याला रुताब म्हणतात. पाचेक किलो तरी असेल.

"बच्चे की माँ के लिए," त्या म्हणाल्या. "रोज सात खाएगी, दूध बढ़ेगा."

आता याला नाही कसं म्हणायचं? बाळंतिणीसाठी कुणी प्रेमाने काही आणलं तर ते परत पाठवू नये, हे मला माझ्या आईने शिकवलंय. शिवाय शुभ्राचं तूप बंद झाल्यामुळे मी ठाण्याहून आणलेले डिंकाचे लाडू बाद झाले होते, तेव्हा खजूर आला ते बरंच झालं. मी टब घेतला, खजूर उतरवून घेतला, टब घासून पुसून ठेवला. मग रिकामं भांडं कसं परत पाठवणार? तेही आपल्यात चालत नाही. मी त्यात ते बाद झालेले डिंकाचे लाडू भरले आणि नेऊन दिले. म्हटलं, चला, फिटंफाट झाली.

दोन दिवसांनी टब परत आला. या वेळी काठोकाठ.

मी त्यात चकल्या भरून पाठवल्या. तिसऱ्या दिवशी टब आणि त्याच्या जोडीला एक टोपली. मी नारळाच्या वड्या पाठवल्या. मग टोपल्या दोन झाल्या. वर सात झाडं लोंबत होती आणि माळी रोज शिडी लावत होता, त्यामुळे तिकडचं कधी आटेल अशी आशाच नको. माझं मात्र भाजणीचं पीठ संपलं, नारळ संपले, आणि कणा मोडायची वेळ आली. सकाळी उठायचं ते बाई आता काय भरून पाठवायचं याच विचारात, आणि दुपारी बसायचं ते आलेल्याचं काय करायचं या विचारात.

कारण हा ओला खजूर काही वाळलेल्या खजुरासारखा डब्यात पडून राहत नाही. तिसऱ्या दिवशी आंबतो. घरभर असा वास सुटतो की सिद्धांत म्हणाला, "आई, बाहेरच्या माणसाला वाटेल आपण दारू गाळतोय." हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही. मदत करायची तर नाव नाही, हा मुलगा रोज मोजून तीन खजूर खायचा आणि मोबाइलमध्ये नोंद करायचा.

मी काय नाही केलं. चिंचेच्या चटणीत घातला. पोळ्या केल्या, पुरणपोळीसारख्या, तेलावर भाजून. सुंठ घालून वड्या थापल्या. जो कडक पिवळा होता त्याचं कैरीसारखं लोणचं घातलं, फोडी, मोहरी, हिंग, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी चाखलं तर जीभ टाळूला चिकटून बसली, इतका तो तुरट. तीन बरण्या लोणचं. टाकवेना म्हणून ते तसंच ओट्याखाली सरकवून ठेवलं.

मग मला वाटलं, अगं वेडे, वाळवंटात बसलीयेस, वाळव की. पंचेचाळीस डिग्री ऊन आहे. ठाण्यात पापड वाळवायला आपण ढगांशी भांडतो, इथे तर वर नुसती भट्टी. जुनी चादर गच्चीवर अंथरली, दहा किलो खजूर बिया काढून पसरला. संध्याकाळी गेले तर सगळा लिबलिबीत. हे ऊन नावाचंच कोरडं, हवा इतकी दमट की चष्मा पुसता पुसता नाकी नऊ येतात. वरून धूळ बसलेली, मुंग्यांची रांग लागलेली. चादर कायमची वाया गेली. त्या गच्चीवर मी एकटीच उभी राहून मोठ्याने जे बोलले ते इथे लिहीत नाही.

"आई, तू नाही म्हण ना त्यांना," शुभ्रा म्हणाली. ती पंप लावून सोफ्यावर बसली होती. "सिंपल आहे. थँक यू, आता बास. खलास."

"एवढं सिंपल असतं तर म्हटलं नसतं?"

"मग मी मेसेज करते. माझ्याकडे नंबर आहे."

"खबरदार," मी म्हटलं. "बाळंतिणीसाठी म्हणून त्या बाई गुडघे दुखत असताना चालत येतात. तू असला मेसेज केलास तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तोंड तुझं आहे, आई. फ्रीज माझा आहे."

हे मला लागलं. मी दिवसभर तिच्याशी तुटक बोलले. ठाण्याला फोन केला तर आमच्या ह्यांनी, दत्तप्रसादांनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शोभना, भीड ही भिकेची बहीण." म्हटलं, तुम्ही तिकडे पंख्याखाली बसून म्हणी सांगा, आणि फोन ठेवला.

फ्रीझरची वाट मला उम्म हमदनीच दाखवली. त्यांच्याकडे म्हणे खोलीएवढा फ्रीझर आहे, रुताब त्यात टाकतात आणि रमजानमध्ये काढतात, जसाच्या तसा. "फ्रीजर में रखो, एक साल कुछ नहीं होता," त्या म्हणाल्या. मी गर काढून पिशव्या भरायला लागले. आठवडाभरात खालचे दोन्ही कप्पे भरले. मटार बाहेर आले, खोवलेला नारळ बाहेर आला, सिद्धांतचं आइस्क्रीम बाहेर येऊन वितळलं. वरच्या कप्प्याला मी हात लावला नाही. शुभ्राच्या तोवर साठ पिशव्या झाल्या होत्या. साठावी ठेवली तेव्हा तिने मला बोलावून दाखवलं. पोरगी इतके दिवस नीट हसली नव्हती, त्या दिवशी हसली.

मग तो शनिवार आला. सोमवारी तिची ड्यूटी सुरू. सिद्धांतचे काका, सूर्यकांतकाका, शारजात राहतात, त्यांना बाळ बघायचं होतं म्हणून तिघं सकाळी नऊलाच निघाली. पहिल्यांदाच मी घरात एकटी, आणि ओट्यावर आदल्या दिवशीचे दोन टब. मी पदर खोचला. म्हटलं, आज काय तो याचा निकाल लावते.

एका शेगडीवर खजुराचा पाक उकळत ठेवला, दुसरीकडे गर काढत बसले. स्वयंपाकघरात एसी नाही, अंगाची नुसती काहिली. दहा वाजेपर्यंत नऊ पिशव्या भरल्या. आता त्या ठेवायच्या कुठे? मधल्या कप्प्यात दाबून दाबून सात बसवल्या, दोन वरून आडव्या सारल्या. कप्पा पुरता आत जाईना, बोटभर बाहेरच राहिला. मी फ्रीझरचं दार ढकललं, गुडघ्याने दाबलं. लागलं. निदान मला लागल्यासारखं दिसलं.

तेवढ्यात ते टीं टीं वाजायला लागलं. त्या फ्रीजला सवयच आहे, भाजी काढायला जरा वेळ लागला तरी ओरडतो. मी पुन्हा ढकललं. थोडा वेळ गप्प, पुन्हा टीं टीं. इकडे पाक उतू जायच्या बेतात, हाताला चिकटा, आणि दारावर काठीची ठकठक. उम्म हमद आल्या होत्या, आज जेवायला माझ्याकडेच, यल्ला, चल लवकर, म्हणून. "हो हो, आती है," मी ओरडले. तो टीं टीं आवाज डोक्यात जात होता. एकदा देवांश झोपलेला असताना सिद्धांतने मला दाखवलं होतं, हे बटण दाबून धरलं की आवाज बंद होतो. मी ते बटण दाबून धरलं. आवाज बंद झाला. शेगडी बंद केली, हात धुतले आणि गेले.

तिकडे चार तास बसले. त्यांच्या सुना, नातवंडं, मोठ्या परातीत भात आणि मटण, मी शाकाहारी म्हणून माझ्यासाठी वेगळी डाळ. मला बरं वाटत होतं. कुणीतरी माझं कौतुक करत होतं, माझ्या चकल्यांचं नाव काढत होतं. येताना त्यांनी मला एक डबा दिला. त्यात काय होतं ते सांगायला नको.

परत आले तेव्हा अडीच वाजले होते. स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि पाण्यात पडला. फ्रीझरचं दार दोन बोटं उघडं होतं.

आधी मी मधला कप्पा ओढला नाही. वरचा ओढला. पिशव्या हाताला मऊ लागल्या. सगळ्या. एकीत बर्फाचा एक तुकडा उरला होता, बाकी पाणी. दुधावर पिवळी साय वेगळी झालेली.

मी दार नीट लावलं. खजुराच्या दोन पिशव्या बाहेर काढून लावलं, आता ते घट्ट बसलं. फरशी पुसली. आणि मग खुर्ची ओढून त्या फ्रीजसमोर बसून राहिले. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं की पाचपर्यंत पुन्हा गोठेल. कुणाला कळणार आहे? शुभ्रा कप्पा उघडून बघेल, पिशव्या कडक असतील, तारखा जागच्या जागी. ती सोमवारी निश्चिंत ऑफिसला जाईल. आणि मी ते दूध त्या पोराला पाजीन. चट्टे उठलेलं ते अंग मला आठवलं, आणि स्वतःचीच इतकी किळस आली की मी उठून पिशव्या सगळ्या बाहेर काढून ओट्यावर मांडल्या, अजून गार लागत होत्या तेवढ्या खाली फ्रीजमध्ये सरकवल्या.

ती तिघं साडेपाचला आली. शुभ्राने चपला काढायच्या आत मी सांगून टाकलं. दार उघडं राहिलं, ते वाजत होतं, मी आवाज बंद केला. सगळं माझ्यामुळे.

मला वाटलं होतं, ओरडेल. तिने देवांशला सिद्धांतकडे दिलं, ओट्याशी गेली आणि एकेक पिशवी दाबून बघायला लागली. सिद्धांतने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एकदा पूर्ण वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. थंडगार लागतंय तेवढं फ्रीजमध्ये ठेवा, ते उद्या दुपारपर्यंत द्या, बाकीचं टाका. बर्फाच्या शेजारच्या, मी फ्रीजमध्ये सरकवलेल्या आठ पिशव्या थंड लागल्या. बावन्न उरल्या.

शुभ्राने कात्री घेतली. पहिली पिशवी कापली आणि सिंकमध्ये ओतली.

"थांब ना," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. "टाकू नकोस गं. काहीतरी करता येईल. त्याच्या आंघोळीच्या पाण्यात घालू, त्वचेला चांगलं..."

तिने वळून माझ्याकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "आता काही वाचवू नकोस."

एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. मी बाजूला उभी राहून बघत होते. पिशव्यांवर तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, नऊ जून, पस्तीस मिली. दहा जून, चाळीस. त्या प्रत्येक अर्ध्या तासाला मी घरातच होते. मी खजुराच्या बिया काढत होते आणि वैतागत होते की ही मुलगी मला मदत करायची सोडून सोफ्यावर बसून राहते. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की ती रडतेय. मी जवळ गेले नाही. जायचं तोंडच नव्हतं मला.

रविवारी सकाळी मी उम्म हमदकडे गेले. त्यांना काही सांगायचं नव्हतं, फक्त म्हटलं, "अब खजूर मत भेजो. बहुत हुआ."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "ठीक है." आणि मग, "पहले बोलना था ना. हम को भी तकलीफ था, माली रोज़ गुस्सा करता था. लेकिन तुम हर बार बर्तन भर के भेजता है. हमारे में भरा बर्तन आया तो खाली वापस नहीं जाता."

अर्धं मिनिट लागलं. तीन आठवडे मी जे म्हणू शकले नाही त्याला अर्धं मिनिट लागलं, आणि समोरच्या बाईला सुटल्यासारखं वाटलं.

घरी येऊन मी खालचे दोन्ही कप्पे रिकामे केले. गर, वड्या, पाक, ओट्याखालच्या त्या तीन बरण्या, सगळं काळ्या पिशव्यांत भरून बाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. चार खेपा झाल्या. आयुष्यात एवढं अन्न मी कधी टाकलं नव्हतं, आणि टाकताना काहीच वाटलं नाही. मग फ्रीझर पुसून कोरडा केला.

सोमवारचं त्या दोघांनी ठरवलं होतं. सिद्धांत दुपारच्या सुट्टीत येऊन मला आणि देवांशला गाडीतून शुभ्राच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये नेणार, ती खाली येऊन पाजणार, आणि मग संध्याकाळपर्यंत पोराने कळ काढायची. सिद्धांतने मला हे सगळं नीट, शांतपणे सांगितलं. मला वाटत होतं, याने तरी मला बोलावं.

रविवारी दुपारी शुभ्रा पंप लावून बसली. अर्धा तास झाला. मग पाऊण तास. उठली तेव्हा बाटलीत तळाला जेमतेम होतं. तिने ते पिशवीत ओतलं, मार्करने तारीख घातली, खाली लिहिलं, वीस मिली. फ्रीझर उघडला आणि तशीच उभी राहिली. तीनही कप्पे मोकळे होते. हवी तेवढी जागा होती.

"कुठे ठेवू?" तिने मला विचारलं.